‘मेल जातोय, पण येत नाहीये’

मागच्या अंकात म्हटलं होतं की स्वतःच्या डोमेनवरचा (म्हणजे स्वतःच्या वेबसाइटच्या नावाचा) ईमेल होस्टिंगवाल्याकडे (सर्व्हरवर भाड्याने जागा देणाऱ्याकडे) चालू करताना कुठे अडलात तर लिहा. लिहिलंत, आणि इतकं लिहिलंत की माझ्याच इनबॉक्सचा कोटा भरायची वेळ आली. पण निम्म्या पत्रांत एकच वाक्य, "मेल चालत नाहीये", बास. अहो चालत नाहीये म्हणजे नक्की काय? येत नाहीये, जात नाहीये, जातोय पण समोरच्याच्या स्पॅममधे पडतोय, की नुसता फोनवर दिसत नाहीये? ही चार वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. त्यामुळे खाली मी पुन्हा पुन्हा "आधी वेबमेल उघडून बघा" असं म्हणत राहणार आहे (वेबमेल म्हणजे ब्राउझरमधून उघडायची तुमची मेलपेटी), वैतागू नका.

प्रश्न : ताई, होस्टिंग घेतलं, त्यात इन्फो नावाचा मेल बनवला. ब्राउझरमधे वेबमेलला लॉगिन होतंय पण फोनमधे टाकायला गेलं की "युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा" येतं. पासवर्ड तोच आहे, दहा वेळा टाकला, दोनदा बदलला. फोनच खराब आहे का?

उत्तर : फोनला बोल लावू नका. वेबमेलला लॉगिन होतंय हे तुम्ही न विचारता सांगितलंत म्हणून तुमचं पत्र पहिलं घेतलंय, कारण त्यातून कळलं की मेलबॉक्स ठीक आहे, पासवर्ड ठीक आहे, सर्व्हर चालू आहे, म्हणजे गडबड फोनच्या सेटिंगमधेच कुठेतरी.

माझा पहिला संशय युजरनेमवर. तिथे तुम्ही नुसतं इन्फो लिहिलं असणार. होस्टिंगच्या एका सर्व्हरवर शेकड्याने डोमेन नांदत असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडे एकेक इन्फो असतोच, मग सर्व्हरने ओळखायचं कसं की दारात आलेला इन्फो कोणाचा? म्हणून डोमेनसकट पूर्ण पत्ता हेच युजरनेम. दुसरं म्हणजे आउटगोइंग सर्व्हरच्या खाली युजरनेम आणि पासवर्डच्या रकान्यात फिकट अक्षरात ‘ऑप्शनल’ लिहिलेलं दिसतं आणि आपण ते खुशाल रिकामं सोडतो. ते ऑप्शनल नाहीये. तिथेही तेच दोन्ही परत टाका, नाहीतर मेल येतील पण जाणार नाहीत आणि तुमचं दुसरं पत्र मला येईल. आणि हो, पासवर्ड कुठून कॉपी करून टाकत असाल तर शेवटी एक स्पेस चिकटून येते, दिसत नाही पण मोजली जाते.

पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दारांचे नंबर, एकदाच कुठेतरी लिहून ठेवा. आयमॅप ९९३, पॉप ९९५ (मेल आणायच्या दोन पद्धती, फरक पुढच्या उत्तरात), दोन्हीला एसएसएल, म्हणजे कनेक्शन कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) करायची सोय. पाठवायचा एसएमटीपी ४६५ असेल तर एसएसएल किंवा टीएलएस निवडा, ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस (आधी साधं बोलून मग कुलूप लावणारं). ही जोडी चुकली, म्हणजे ४६५ ला स्टार्टटीएलएस लावलं, की बऱ्याचदा धड एररही येत नाही, नुसतं गोल फिरत बसतं आणि माणूस वायफायला शिव्या देतो. ४६५ जुना झाला वापरू नका असं अजून कुठे कुठे वाचायला मिळतं, ते सोडून द्या, मधे त्याला खरंच अडगळीत टाकलं होतं पण २०१८ साली आरएफसी ८३१४ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) आलं आणि पहिल्या अक्षरापासून एन्क्रिप्टेड असलेलं कनेक्शनच बरं असं म्हणून त्याला मानाने परत आणलं. २५ मात्र टाकू नका, तो सर्व्हर सर्व्हरशी बोलतात त्यासाठीचा पोर्ट, आणि इंटरनेट देणाऱ्या बऱ्याच कंपन्या स्पॅमच्या भीतीने तो ग्राहकांसाठी बंदच ठेवतात.

एवढं करून "सर्टिफिकेट वेगळ्या नावाचं आहे" असं आलं (सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र) तर घाईने ‘तरीही विश्वास ठेवा’ दाबू नका. बहुतेक वेळा घोटाळा साधा असतो, तुम्ही सर्व्हर म्हणून मेल डॉट तुमचं डोमेन लिहिलेलं असतं आणि सर्टिफिकेट असतं होस्टिंगच्या सर्व्हरच्या स्वतःच्या नावाचं. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमधे त्या मेलबॉक्सच्या शेजारी ‘कनेक्ट डिव्हायसेस’ असं काहीतरी बटण असतं, तिथे जे सर्व्हरचं नाव दिलंय ते जसंच्या तसं टाका.

प्रश्न : पॉप ठेवू की आयमॅप?

उत्तर : आयमॅप.

एवढंच लिहून थांबणार होते, पण माझंच एक पाप कबूल करते. पूर्वी माझ्या लॅपटॉपवर पॉप होतं. पॉपचा मूळ स्वभाव असा की सर्व्हरवरून मेल उतरवून घ्यायचे आणि तिकडचे पुसून टाकायचे, ‘सर्व्हरवर कॉपी ठेवा’ अशी एक टिक असते ती मी लावलीच नव्हती. मग एके दिवशी लॅपटॉपची डिस्क गेली. वेबमेल उघडून बघते तर इनबॉक्स स्वच्छ, जणू मला आयुष्यात कोणी मेलच केला नव्हता. दोष कोणाला देणार, टिक माझीच राहिलेली.

आयमॅपमधे मेल सर्व्हरवरच राहतात, फोन, लॅपटॉप, वेबमेल सगळीकडे तेच चित्र. पण म्हणून आयमॅपला बॅकअप समजू नका, फोनवर पुसलं की सगळीकडून पुसलं. आणि जागा सर्व्हरवरची जाते, ज्यात सेंट आणि ट्रॅशसुद्धा मोजतात. "इनबॉक्स रिकामा आहे तरी कोटा भरला म्हणतंय" असं तिघांनी विचारलंय त्यांनी सेंट फोल्डर साइजप्रमाणे लावून बघावा, तिथे तुम्हीच पाठवलेल्या जाडजूड पीडीएफ बसलेल्या असतील.

प्रश्न : आमची वेबसाइट आधीपासून एका होस्टिंगवर आहे. मेल आम्ही तिथून हलवून गूगल वर्कस्पेसवर (गूगलच्या ऑफिससाठीच्या मेल सेवेवर) नेले. सगळ्यांचे मेल व्यवस्थित येतात. फक्त आमच्याच वेबसाइटच्या चौकशी फॉर्ममधून येणारे मेल बंद झालेत. फॉर्म भरला की "धन्यवाद, तुमचा संदेश मिळाला" असं दिसतं पण मिळत काहीच नाही. होस्टिंगवाले म्हणतात आमच्याकडून गेला, गूगलवाले म्हणतात आमच्याकडे आलाच नाही.

उत्तर : गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतायत. हा प्रश्न मला इतका आवडतो की मी तो नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला घालते.

बाहेरचा कोणी तुम्हाला मेल पाठवतो तेव्हा त्याचा सर्व्हर डीएनएसला (इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीला) विचारतो, या डोमेनची टपाल कुठे द्यायची? त्या वहीतली टपालाची नोंद, म्हणजे एमएक्स रेकॉर्ड, सांगतो, गूगलकडे. तो तिकडे देतो. पण तुमच्या फॉर्मचा मेल निघतो कुठून? होस्टिंगच्या सर्व्हरवरून. आणि त्या सर्व्हरच्या डोक्यात अजून हेच आहे की या डोमेनचे मेल तर माझ्याकडेच राहतात, मी कशाला बाहेर कोणाला विचारू. मग तो एमएक्सकडे बघतही नाही, स्वतःच्याच जुन्या मेलबॉक्समधे टाकून मोकळा होतो, आणि तो मेलबॉक्स तुम्ही महिन्यापूर्वी उघडायचं सोडून दिलंय. म्हणून होस्टिंगच्या जुन्या वेबमेलमधे एकदा लॉगिन करून बघा, सगळ्या चौकशा तिथे ओळीने बसलेल्या सापडतील. सापडल्या तर त्या लोकांना आधी उत्तरं द्या, बिचारे वाट बघतायत. तो मेलबॉक्स तुम्ही पुसून टाकला असेल तर "असा कोणी इथे नाही" असा बाउन्स (मेल पोचला नाही अशी परत येणारी सूचना) बनतो, पण तोही साइटच्या कुठल्यातरी सिस्टिम पत्त्यावर जातो जो कोणी वाचत नाही.

उपाय दोन मिनिटांचा. सीपॅनल (होस्टिंगचं एक प्रचलित कंट्रोल पॅनल) असेल तर ईमेल राउटिंग नावाचं पान आहे, तिथे लोकलच्या जागी रिमोट मेल एक्सचेंजर निवडा. दुसरं पॅनल असेल तर "या डोमेनसाठी मेल सेवा बंद करा" अशा अर्थाचा पर्याय शोधा, तेच काम.

याच फॉर्मचं दुसरं दुखणं हातासरशी सांगते कारण आणखी चौघांचे फॉर्म त्याने आजारी आहेत. फॉर्म बनवणारे हौसेने असं करतात की फॉर्म भरणाऱ्याने जो ईमेल लिहिला तोच ‘फ्रॉम’मधे टाकायचा, म्हणजे रिप्लाय दाबला की थेट त्याला जाईल. आता याहूचा पत्ता असलेल्या माणसाने फॉर्म भरला तर तुमचा सर्व्हर काय करतोय? याहूच्या नावाने स्वतः मेल पाठवतोय. याला तोतयेगिरी म्हणतात. याहूने एप्रिल २०१४ मधेच जाहीर करून टाकलं की आमच्या नावाचे पण आमच्याकडून न आलेले मेल फेकून द्या, आणि समोरचे सर्व्हर इमानेइतबारे फेकतात. त्यामुळे ‘फ्रॉम’मधे तुमच्याच डोमेनचा खरा पत्ता ठेवा आणि भरणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय टू’मधे. साइट वर्डप्रेसवर बनवलेली असेल तर एसएमटीपीचं प्लगइन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकून खऱ्या मेलबॉक्सच्या लॉगिनने मेल पाठवा, पीएचपीच्या (साइट ज्या भाषेत लिहिलेली असते तिच्या) उघड्या मेल फंक्शनवर सोडू नका.

प्रश्न : मी पाठवलेले सगळे मेल लोकांच्या स्पॅममधे जातात. एका नातेवाइकाने एसपीएफ टाकायला सांगितलं, टाकलं, तरी तेच. मग न्यूजलेटरवाल्या कंपनीने त्यांचं एसपीएफ टाकायला सांगितलं, तेही टाकलं. आता तर आधीपेक्षा वाईट झालंय.

उत्तर : तुमच्या पत्रातच उत्तर आहे, "तेही टाकलं".

थोडं मागून सुरुवात करते. एसएमटीपी हा मेल पाठवायचा नियम १९८२ सालचा, तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संस्था होत्या, त्यामुळे पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कोणी खोटं लिहील असा विचारच त्यात नव्हता. आजही मुळात तो नियम तुमचं नाव तपासत नाही. ती तपासणी नंतर वरून शिवली गेली, तीन ठिगळं म्हणा, एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क. तिन्ही डीएनएसमधे टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराची, नोंद म्हणून बसतात.

एसपीएफ म्हणजे यादी, "आमच्या डोमेनच्या नावाने फक्त हे हे सर्व्हर मेल पाठवतात". ही यादी एका डोमेनला एकच हवी. तुमच्याकडे आता दोन झाल्या, आणि दोन दिसल्या की तपासणारा सर्व्हर कुठलीच निवडत बसत नाही, सरळ ‘कायमची चूक’ असा शेरा मारतो, म्हणजे धड पहिलीही नाही आणि दुसरीही नाही. दोन्ही एकत्र करा. नोंद एकच, सुरुवात एकदाच, त्यात होस्टिंगवाल्याचा इन्क्लूड (त्यांची यादी आपल्या यादीत जोडणारा शब्द), न्यूजलेटरवाल्याचा इन्क्लूड आणि शेवटी एकदाच तो ‘ऑल’, म्हणजे बाकी सगळ्यांसाठीचा शब्द. इन्क्लूडची हौस पण आवरती ठेवा, ही यादी वाचताना जास्तीत जास्त १० वेळा डीएनएसला विचारता येतं असा नियम आहे, इन्क्लूडच्या आत लपलेले इन्क्लूडसुद्धा त्यात मोजतात, अकरावा आला की पुन्हा तोच शेरा.

डीकिम म्हणजे सही. सर्व्हर प्रत्येक मेलवर गुप्त किल्लीने सही करतो आणि ती पडताळायची उघडी किल्ली डीएनएसमधे असते. पॅनलमधे एक बटण असतं ते दाबायचं आणि मिळालेली लांबलचक किल्ली नोंदीत टाकायची. इथे लोक कुठे घसरतात सांगू? २०४८ बिटची किल्ली २५५ अक्षरांत मावत नाही आणि टीएक्सटी नोंदीचा एक तुकडा २५५ चाच असतो, काही पॅनल आपोआप तुकडे पाडतात, काही निमूटपणे शेपूट कापतात. सेव्ह केल्यावर परत उघडून शेवटची अक्षरं जुळवून बघा.

डीमार्क सांगतं की या दोन्हीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, आणि शिवाय हे बघतं की पास झालेलं डोमेन आणि ‘फ्रॉम’मधे दिसणारं डोमेन एकच आहे का. सुरुवात ‘नन’ने करा, म्हणजे नुसते रिपोर्ट येतील, काही अडणार नाही. काही आठवडे रिपोर्ट बघा, तुमचाच एखादा विसरलेला सर्व्हर त्यात नापास होताना दिसतो, तो दुरुस्त करून मग ‘क्वारंटाइन’, मग ‘रिजेक्ट’. उत्साहात पहिल्याच दिवशी रिजेक्ट लावलेले लोक मला माहिती आहेत, त्यांची स्वतःचीच बिलं ग्राहकांना मिळेनाशी झाली होती.

हे सगळं हौसेचं राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियमच केला की त्यांच्याकडे मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकिम यातलं एक तरी हवं, आणि जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० च्या घरात मेल पाठवणाऱ्यांकडे तिन्ही हवेत.

आता तुम्ही म्हणाल सगळं केलं तरी बदल दिसत नाही. तर मला सांगा, नोंद टाकली कुठे? डोमेनचे नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर) क्लाउडफ्लेअर नावाच्या कंपनीकडे आणि तुम्ही मात्र होस्टिंगच्या पॅनलमधल्या झोन एडिटरमधे (डीएनएसच्या नोंदींच्या पानावर) मन लावून नोंदी टाकताय, असं फार होतं. तिथे टाकलेलं जगात कोणालाच दिसत नाही. नेमसर्व्हर ज्याच्याकडे, नोंदी त्याच्याकडे. पडताळायचं तर स्वतःच्या जीमेलला एक मेल पाठवा, कॉम्प्युटरवर उघडा, तीन ठिपक्यांमधून ‘शो ओरिजिनल’ घ्या, वरच तिघांच्या पुढे पास की फेल लिहिलेलं असतं. बाकी कोणाच्या सांगण्यापेक्षा त्या तीन ओळींवर विश्वास ठेवा.

तिन्ही पास आणि तरी स्पॅम, असंही होतं. मग शेजारी बघावे लागतात. शेअर्ड होस्टिंगमधे बऱ्याच जणांचे मेल एकाच आयपीवरून (इंटरनेटवरच्या नंबरी पत्त्यावरून) निघतात आणि त्यातल्या एखाद्याने उद्योग केले की बदनामी सगळ्यांची. होस्टिंगवाल्याला आयपी ब्लॅकलिस्टमधे आहे का ते विचारा, चांगले असतील तर बदलून देतात. आणि कृपा करून दोनशे लोकांना बीसीसी टाकून या मेलबॉक्सवरून पाठवू नका, त्यासाठीच ते न्यूजलेटरवाले घेतलेत ना?

प्रश्न : ऑफिसच्या वायफायवर कोणाचाच मेल चालत नाही, वेबमेलसुद्धा उघडत नाही, आमची वेबसाइटही उघडत नाही. पण मोबाइल डेटावर सगळं एकदम झकास. वायफाय बदलू का? बाकी सगळ्या साइट त्याच वायफायवर उघडतात.

उत्तर : वायफाय बदलू नका, चोर घरात आहे.

अलीकडे कोणीतरी पासवर्ड बदललाय, बरोबर? आणि एक जुना टॅबलेट, किंवा मेलवर स्कॅन पाठवणारा प्रिंटर, किंवा कोणाच्यातरी कपाटातला जुना फोन अजून जुन्याच पासवर्डने दर काही मिनिटांनी दार ठोठावतोय. सर्व्हरच्या फायरवॉलला, म्हणजे रखवालदाराला, वाटतं कोणीतरी पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करतंय, तो त्या आयपीला ब्लॉक करतो, आणि ऑफिसात सगळ्यांचा बाहेरचा आयपी एकच असल्यामुळे एकाच्या पापाने सगळे बाहेर. मोबाइल डेटाचा आयपी वेगळा म्हणून तिथे झकास.

"माझा आयपी काय" असं त्या वायफायवरून सर्च करा, येणारा आकडा होस्टिंगवाल्याला कळवा, ते काढून देतील आणि विचारलंत तर कुठल्या मेलबॉक्सचं लॉगिन चुकत होतं तेही लॉग बघून सांगतील. ते विचाराच, कारण ते उपकरण शोधलं नाही तर पुन्हा तासाभरात ब्लॉक. राउटर बंद चालू केल्याने कधीकधी आयपी बदलतो आणि आपण जिंकलो असं वाटतं, पण दार ठोठावणारा आतच असतो.

प्रश्न : होस्टिंग बदललं. नवीन ठिकाणी तेच मेल, तेच पासवर्ड बनवले. एमएक्स बदलला. दुसऱ्या दिवशी फोनमधले सहा वर्षांचे मेल गायब!! नवीन येतायत, जुने एकही नाही. रडकुंडीला आलोय.

उत्तर : जुनं होस्टिंग अजून बंद केलेलं नाही ना? नसेल तर डोळे पुसा. केलं असेल तर हे वाचायच्या आधी त्यांना फोन लावा आणि बॅकअप मागा.

मेल गायब झालेले नाहीत, जुन्या सर्व्हरवरच आहेत. तुमच्या फोनमधे सर्व्हरचं नाव मेल डॉट तुमचं डोमेन असं आहे, ते नाव आता नवीन घराकडे बोट दाखवतंय, फोन तिकडे गेला, तिथे मेलबॉक्स कोरा, आणि आयमॅपच्या स्वभावाप्रमाणे फोनने आपलं चित्रही कोरं करून घेतलं. एमएक्स बदलला म्हणून जुने मेल आपल्या पायांनी चालत नव्या सर्व्हरवर येत नाहीत, ते आपल्याला उचलून न्यावे लागतात.

न्यायचे कसे? कॉम्प्युटरवर थंडरबर्ड नावाचं मेलचं सॉफ्टवेअर घ्या, त्यात तेच खातं दोनदा जोडा, एकदा नव्या सर्व्हरच्या नावाने आणि एकदा जुन्या सर्व्हरच्या स्वतःच्या नावाने किंवा आयपीने, तो जुन्या होस्टिंगच्या स्वागताच्या मेलमधे असतो. मग जुन्याचे फोल्डर नव्यात कॉपी करा. हलवू नका, कॉपी करा, मधेच नेट गेलं तर मूळ प्रत शाबूत हवी. मेल खूप असतील तर हजार पाचशेच्या घासाने करा, किंवा होस्टिंगवाल्याला आयमॅपसिंक नावाच्या टूलने करून द्यायला सांगा, बरेचजण देतात. जुनं होस्टिंग निदान दोनेक आठवडे चालू ठेवा आणि त्या काळात जुन्या वेबमेलमधे डोकावत रहा, कारण डीएनएसची जुनी माहिती लक्षात ठेवलेले काही सर्व्हर अजून तिकडेच टपाल टाकत असतात.

पुढच्या वेळी (येईलच ती) दोन दिवस आधी एमएक्सचा टीटीएल (ती नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा) ३०० सेकंदांवर आणा, मग बदल झटकन पसरतो. एमएक्समधे आयपी लिहायचा नसतो, सर्व्हरचं नाव लिहायचं असतं. आणि क्लाउडफ्लेअर वापरत असाल तर मेल नावाच्या नोंदीपुढचा नारिंगी ढग करडा करा, तो नारिंगी ढग वेबसाइटची ये-जा सांभाळतो, मेलची नाही, तो तसाच राहिला की मेल अ‍ॅप दारावर थडकून परत येतं.

प्रश्न : बाउन्स होऊन आलेला मेल सगळा इंग्रजीत आणि कोडमधे असतो. काही कळत नाही म्हणून डिलीट करते. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार! रिपोर्ट न वाचता फाडून टाकून डॉक्टरला विचारतोय मला काय झालंय, असं आहे हे. सगळं वाचू नका, फक्त तीन आकडी नंबर शोधा. ४ ने सुरू होत असेल तर तात्पुरती अडचण, सर्व्हर स्वतःच थोड्या थोड्या वेळाने परत प्रयत्न करतो, साधारण चार पाच दिवस, तुम्ही काहीच करायचं नसतं. ५ ने सुरू होत असेल तर कायमचा नकार, तोच मेल परत परत पाठवून उपयोग नाही.

त्याच्या पुढे टिंबं देऊन लिहिलेला दुसरा आकडा असतो तो आणखी कामाचा. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, बहुतेक तुमच्याकडून स्पेलिंग चुकलंय. ५.२.२ म्हणजे समोरच्याचा मेलबॉक्स भरलाय, त्याला फोन करा. ५.७ ने सुरू होणारं काहीही म्हणजे परवानगीची किंवा विश्वासाची गोष्ट, वर स्पॅमवाल्या वाचकाला दिलेलं उत्तर वाचा. ५३५ दिसलं तर लॉगिनच चुकलंय, म्हणजे मेल तुमच्या घरातूनच बाहेर पडलेला नाही.

प्रश्न : २० एमबीची फाइल २५ एमबीच्या मर्यादेत बसत नाही. गणित चुकतंय की कंपनी फसवते?

उत्तर : कोणी फसवत नाही. मेल मुळात मजकुरासाठी, त्यात फाइल पाठवताना तिचं बेस६४ या पद्धतीने अक्षरांत रूपांतर होतं, तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे एक तृतीयांश फुगवटा आणि वर थोडं इकडचं तिकडचं. तुमची २० ची झाली २७. पंचविसात साधारण १८ ची फाइल बसते. आणि मर्यादा दोन्हीकडच्या लागतात, तुमच्या होस्टिंगने ५० दिली तरी घेणाऱ्याची २५ असेल तर २५. लिंक पाठवा.

प्रश्न : मी न पाठवलेल्या मेलचे बाउन्स मला येतायत, रोज पन्नास साठ. हॅक झालोय का?

उत्तर : कदाचित. दोन शक्यता आहेत आणि त्या वेगळ्या करणं सोपं आहे. पॅनलमधे ‘ट्रॅक डिलिव्हरी’ नावाचं पान असतं, तुमच्या सर्व्हरवरून खरंच काय गेलं याची वही. त्यात ते मेल नसतील तर कोणीतरी दुसरीकडून फक्त तुमचं नाव वापरतंय, घरात कोणी शिरलेलं नाही, डीमार्क हळूहळू कडक करा आणि दुर्लक्ष करा, काही दिवसांत ओसरतं.

वहीत ते मेल असतील तर मात्र शिरलंय. पासवर्ड लगेच बदला, आणि दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून बदला. त्यानंतर लोक थांबतात, तुम्ही थांबू नका, फॉरवर्डर आणि फिल्टर या दोन्ही पानांवर जा. शिरलेला माणूस जाताना तिथे गुपचूप एक ओळ ठेवून जातो, ‘बिल’ किंवा ‘पेमेंट’ शब्द असलेला मेल अमुक पत्त्यावर पाठवा आणि इथून पुसा. पासवर्ड बदलला तरी ती ओळ आपलं काम करतच राहते. मेल एखाद्या मेलबॉक्समधून न जाता वेबसाइटच्या स्क्रिप्टमधून जात असतील तर ती भानगड वेबसाइटची आहे, जुनी प्लगइन बघा.

प्रश्न : आमचे सगळे मेल एका सकाळी बंद पडले. नंतर कळलं डोमेनच एक्स्पायर झालं होतं. कंपनीने एकही सूचना दिली नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर : सूचना दिलेली असणार. कॉम आणि नेटसारख्या डोमेनना आयकॅनचा (डोमेनची व्यवस्था बघणाऱ्या जागतिक संस्थेचा) नियमच आहे, मुदत संपायच्या साधारण एक महिना आधी एक, आठवडाभर आधी एक आणि संपल्यावर पाच दिवसांत आणखी एक. प्रश्न एवढाच की कुठे दिली. तुमच्या रजिस्ट्रारच्या (डोमेन ज्यांच्याकडे नोंदवलंय त्या कंपनीच्या) खात्यात संपर्काचा ईमेल कोणता आहे बघा, माझा अंदाज आहे की त्याच डोमेनवरचा आहे, आणि तो मेलबॉक्स सोडून गेलेल्या कोणा सहकाऱ्याचा आहे. शेवटची सूचना तर बंद पडलेल्याच पत्त्यावर गेली.

आत्ता लगेच रिन्यू करा, पत्रावरून वाटतं वेळ गेलेली नाही. अशा डोमेनना पुसल्यानंतरही ३० दिवसांची सोडवून घ्यायची मुदत असते, पण ती महाग पडते, तिथपर्यंत जाऊ देऊ नका. मेल चालू झाले की पहिलं काम, रजिस्ट्रारकडचा आणि होस्टिंगकडचा दोन्हीकडचा संपर्काचा पत्ता बाहेरच्या कुठल्यातरी सेवेवरचा करा. बऱ्याच ठिकाणी या बदलाची खात्री करायला जुन्या पत्त्यावर एक मेल जातो आणि त्यातल्या लिंकवर क्लिक करावं लागतं, म्हणजे डोमेन जिवंत असेपर्यंतच हे जमतं, तर रिन्यू झाल्या दिवशीच करून टाका.